अर्धी स्की, जड बूट आणि भावोजींची सूट

मागच्या आठवड्यात सोलापुरात पारा ४२ च्या वर गेला आणि नेमका त्याच दुपारी पंढरपूरहून एका मुलीचा फोन आला. "ताई, स्वतःची स्की घ्यायचीय, सुरुवात कुठून करू?" तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा लिहूनच काढावं. मला स्की घ्यायला दोन वर्षं लागली आणि त्यातले निदान सहा महिने विचारायचं कुणाला हेच न कळल्यामुळे गेले.

मी यातली तज्ज्ञ वगैरे नाही. नवी पेठेत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. शाळेत असताना बास्केटबॉल कोर्टावर रोलर स्केटिंग करायचे. सरळ पळण्यापेक्षा उलटं जायला, गिरक्या मारायला जास्त आवडायचं. माझी पूर्वतयारी म्हणाल तर एवढीच, पण पुढे स्की निवडताना तीच कामाला आली.

पहिला कोर्स केला फेब्रुवारी २०२३ मध्ये, गुलमर्गला, १४ दिवसांचा. सरकारी संस्थांचे कोर्स खासगीपेक्षा बरेच स्वस्त पडतात आणि स्की, बूट, काठ्या फीमध्येच मिळतात. अर्ज, फोटो, आधार आणि डॉक्टरांच्या सहीचं फिटनेस सर्टिफिकेट, एवढी कागदपत्रं लागली. डॉक्टरांनी फॉर्म वाचून विचारलं, "हे पाण्यातलं का?" मी बर्फातलं म्हटल्यावर चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं आणि ब्लडप्रेशर दोनदा मोजलं.

आम्ही पोचायच्या थोडेच दिवस आधी, १ फेब्रुवारीला, अफरवात डोंगराच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी बर्फावर पाय ठेवण्याआधी बराच वेळ त्यावरच बोलणं झालं. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा अफरवातला, सुमारे ३,९५० मीटरवर. वरच्या उतारांवर बहुतेक ठिकाणी मशीनने दाबलेला रस्ता नाही, मोकळा डोंगर आहे. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारे सोबती नसतील तर तिकडे जायचं नाही. सोलापूरची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरसुद्धा नाही. मी मान डोलावली आणि आजतागायत ते पाळलंय.

कोर्समधल्या स्की जुन्या, अरुंद आणि काठीसारख्या ताठ होत्या. नवव्या-दहाव्या दिवशी बेबी स्लोपवर मला जुनी खोड आठवली आणि मी उलटी निघाले. चार हात गेले असेन, स्कीचं मागचं टोक बर्फात रुतलं आणि मी पाठीवर. आमचे इन्स्ट्रक्टर हसत आले. "मॅडम, इसकी पूँछ सीधी है. उल्टा चलना है तो ट्विन टिप लेना."

ट्विन टिप हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. नेहमीच्या स्कीचं पुढचं टोक वर वळलेलं असतं आणि मागचं सपाट कापलेलं. ट्विन टिपची दोन्ही टोकं वर वळलेली असतात, म्हणून उलटं जाता येतं. याला 'स्विच' म्हणतात. १९९८ मध्ये सालोमनची टेनएटी नावाची स्की आली तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. टेकाडावरून छोटी उडी, टोकांवर भार देऊन गिरकी (तिला 'बटर' म्हणतात), उलटं उतरणं, हा सगळा खेळकरपणा याच वळणावर उभा आहे. मला ऑलिंपिकमधल्या उड्या मारायच्या नव्हत्या. शाळेच्या कोर्टावर जे करायचे ते बर्फात करायचं होतं.

दुसऱ्यांदा गेले जानेवारी २०२४ मध्ये. ऐन गड्ड्यात. सिद्धरामेश्वरांची यात्रा सोडून मी जातेय हे आईला अजिबात पटलं नव्हतं. गुलमर्गला पोचले तर सगळा उतार तपकिरी, बर्फाचा पत्ता नाही. त्या वर्षी जानेवारीचे पहिले तीन-चार आठवडे काश्मीर कोरडंच गेलं, बातम्यांतही आलं होतं. फोनवर आई म्हणाली, "जत्रा सोडून गेलीस ना, आता बर्फाला पड म्हणावं." आठ दिवसांची रजा आणि हॉटेलचे पैसे दिलेले.

पण माझी खरी शिकवणी त्याच आठ दिवसांत झाली. भाड्याच्या दुकानातले लोक रिकामे बसले होते आणि एरवी ज्यांना बोलायला फुरसत नसते ते कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) घेऊन तास तास गप्पा मारत होते. मी रोज सकाळी जाऊन बसायचे. कुठली स्की घेऊ विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "पहले बूट."

तेव्हा राग यायचा. आता मीही हेच सांगते. स्की भाड्याची चालते, बूट भाड्याचा चालत नाही. पायाची हालचाल स्कीपर्यंत पोचवतो तो बूटच. तो ढिला असेल तर एक लाखाची स्कीसुद्धा ऐकत नाही. एका दुकानात नवे बूट विकायला होते. तिथल्या चाचांनी माप घेतलं ते असं: बुटातला मऊ आतला भाग, म्हणजे लायनर, काढून टाकला. उघडा पाय नुसत्या प्लास्टिकच्या कवचात घालायला लावला, बोटं पुढे टेकवायला लावली आणि टाचेच्या मागे स्वतःची दोन बोटं घातली. दीड-दोन सेंटीमीटर जागा हवी. तीन बोटं गेली तर बूट मोठा, मग तो कितीही आरामशीर वाटू दे. लायनर घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की मागे सरकावीत.

बुटाचा नंबर पायाच्या सेंटीमीटरमध्ये असतो. आपल्या चपलेचा नंबर विसरायचा. माझा २४.५ निघाला. चाचांनी हेही सांगितलं की २४ आणि २४.५ चं कवच एकच असतं, फरक फक्त आतल्या भागात. लांबीशिवाय पंजाची रुंदी आणि बुटाचा ताठपणा, ज्याला फ्लेक्स म्हणतात, हेही बघावं लागतं. मी ९० फ्लेक्सचे घेतले, २४,००० रुपयांना. मोजा एकच आणि पातळ. दोन जाड मोजे घातले की पाय जास्त गार पडतो, कारण रक्त फिरायला जागा राहत नाही.

घरी आल्यावर ते बूट रोज वीस मिनिटं घालून बसायचे, म्हणजे लायनर पायाच्या आकाराला बसतो. फेब्रुवारीत सोलापूरचं ऊन आधीच कडक. पंखा पाचवर, पायात स्कीचे बूट आणि समोर शेंगाची चटणी-भाकरी. शेजारच्या अक्का दारात येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आईला हळूच विचारलं, "पोरीच्या पायाला प्लास्टर का?"

गुलमर्गहून आणखी एक वस्तू आणली होती. एका दुकानामागे मोडकी स्की पडली होती, बुटाच्या जागेपाशी तुटलेली. पुढचा अर्धा भाग मागितला, त्यांनी हसून दिला. मोडकं लाकूड आणलंस म्हणून आई वैतागली, पण आप्पांनी ते हातातून खाली ठेवलंच नाही. आप्पांनी पस्तीस वर्षं यंत्रमागावर चादरी काढल्या आहेत. तुटलेल्या बाजूने स्कीचं पोट दिसत होतं: खाली काळा प्लास्टिकचा तळ, कडेला पोलादी पट्टी, मग काचेच्या धाग्यांचा थर, मध्ये लाकूड, वर पुन्हा काचेचा थर आणि सगळ्यात वर रंगीत कातडी. वरचा थर थोडा सुटला होता. आप्पांनी कपाटातून धागे मोजायचं भिंग आणलं, गॅलरीतल्या उजेडात डोळा लावला आणि म्हणाले, "हे विणलंय की. उभा-आडवा आहे नुसता."

मग टॉवेलचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ओढ सरळ." ओढलं, हललं नाही. "आता तिरपं ओढ, कोपऱ्यातून." टॉवेल रबरासारखा लांबला. "तसंच हे. लांबीत ताठ राहील, पण पिळलं की पिळेल. तिरपा धागा टाकला असता तर पिळलं नसतं."

त्या रात्री शोधल्यावर कळलं की स्कीच्या जगात हे खरोखर असंच आहे. काचेचं कापड बायअॅक्सिअल असतं किंवा ट्रायअॅक्सिअल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं किंवा तीन, आणि स्की किती पिळली जाते हे धागे कोणत्या कोनात टाकलेत यावर बरंच ठरतं. पिळायला ताठ असलेली स्की कडक बर्फावर कड धरून ठेवते. पिळायला सैल असलेली गिरकी घेताना माफ करते. जाहिरातीतले अर्धे शब्द मला त्या टॉवेलमुळे समजले.

मार्च ते ऑगस्ट २०२४ नुसता अभ्यास चालला. बाहेर निवडणुकीच्या सभा, ७ मेचं मतदान, वर ऊन, आणि मी रात्री पंख्याखाली पावडरचे, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फातल्या स्कीइंगचे, व्हिडिओ बघतेय. सुरुवातीला फार भरकटले. प्रत्येक कंपनी आपली स्की 'सगळं करते' असंच सांगते. शेवटी ऑफिसात करतो तसं केलं. वहीत दोन रकाने आखले आणि मी वर्षात किती दिवस, कुठे आणि काय करते ते लिहिलं. दिवस: जास्तीत जास्त १२. जागा: कोंगडोरीचा वाडगा, मेरी शोल्डरची चेअरलिफ्ट, खालचे झाडांतले उतार. वेग: बेताचा. आवड: उलटं जाणं, कडेच्या टेकाडांवरून उड्या. वजन ५८ किलो, उंची १६२ सेंटीमीटर. एवढं लिहिल्यावर निम्म्या स्की आपोआप गळल्या.

आता मला जे उमगलं ते. स्कीवर तीन आकडे असतात: टोकाची, कंबरेची आणि शेपटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. महत्त्वाची कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी. ८५ च्या आत असेल तर ती दाबलेल्या रस्त्यासाठी, ११० च्या वर असेल तर खोल भुसभुशीत बर्फासाठी. ९० ते १०५ च्या पट्ट्यात 'ऑल-माउंटन' म्हणजे कुठेही चालणाऱ्या स्की येतात. रुंद स्की बर्फावर तरंगते, पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ घेते आणि कडक बर्फावर गुडघे दमवते.

दुसरी गोष्ट कमान. स्की जमिनीवर ठेवली की मध्ये उचललेली दिसते तो कँबर. त्याने कडेला पकड मिळते. टोकांकडे होडीसारखी आधीच वर वळायला लागते तो रॉकर. त्याने स्की तरंगते आणि सहज वळते. खेळकर ऑल-माउंटन स्कीमध्ये बहुधा मध्ये कँबर आणि दोन्ही टोकांना रॉकर असतो. रॉकरमुळे कडक बर्फावर स्कीचा थोडाच भाग टेकतो, म्हणून ती प्रत्यक्षापेक्षा आखूड वाटते. त्यामुळे अशी स्की साधारण उंचीइतकी घेतली तरी चालते. मी आधी १५६ च्या मागे होते, ती चूक झाली असती.

तिसरी, आणि जिच्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही ती, म्हणजे बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि जोरात पडल्यावर सोडणारी पकड) कुठे बसवायचं. स्कीवर त्याची रेघ असते. पारंपरिक स्कीवर ती मध्यापासून दहाएक सेंटीमीटर मागे असते, खेळकर स्कीवर मध्याच्या बरीच जवळ. मध्याजवळ उभं राहिलं की गिरकी हलकी होते आणि उलटं जाताना मागचा भाग पुरेसा लांब मिळतो. पण मग पुढे वाकून नडगीने बूट दाबायची शिकवलेली सवय थोडी सोडावी लागते, भार मधोमध ठेवावा लागतो. मला स्केटिंगमुळे ते जमेल असं वाटलं. ज्यांना वेगात सरळ उतरायला आवडतं त्यांनी या वाटेला जाऊ नये. हलकी, मऊ टोकांची स्की वेगात फडफडते.

बायकांची स्की हाही एक गोंधळ. काही कंपन्या आत लाकूड हलकं घालतात, काही तीच स्की वेगळ्या रंगात विकतात. मी रंगाकडे न बघता लांबी आणि वजन बघितलं.

वहीत शेवटी चार नावं उरली: ब्लॅक क्रोज कॅमॉक्स, कंबर ९७; फोल्कल रिव्होल्ट, ९६; लाइन क्रॉनिक, ९४; आणि अॅटॉमिक बेंट, १००. चारही चांगल्या. पहिली माझ्यासाठी जरा गंभीर वाटली. उरलेल्या तिघींत फार डोकं घातलं नाही, माझ्या लांबीची आणि सेलमध्ये मिळेल ती घ्यायची ठरवलं.

मिळणार कुठून? जूनमध्ये युरोपातल्या एका दुकानाला विचारलं. लांब खोक्याचा कुरिअर खर्चच ९५ युरो, वर कस्टम, केवायसीची कागदपत्रं आणि बाइंडिंग बसवायचं काम पुन्हा आपल्यालाच शोधायचं. तो नाद सोडला. मग ऑगस्टमध्ये ताईने सांगितलं की भावोजी कंपनीच्या ट्रेनिंगला सहा आठवडे म्युनिकला चाललेत. मी त्याच संध्याकाळी पेढे घेऊन पुण्याची गाडी पकडली.

भावोजींसोबत मी माझे बूट पाठवले. साडेतीन किलोंचे. हे ऐकून सगळे हसतात, पण करण्यासारखी गोष्ट हीच आहे. बाइंडिंग बुटाच्या तळाच्या लांबीवर बसवतात. हा आकडा टाचेच्या बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. नुसत्या आकड्यावर भोकं पाडता येतात, पण दाब नीट जुळवायला प्रत्यक्ष बूट लागतोच. परत येताना कुणी बूट नवे समजू नये म्हणून गुलमर्गची पावती दिली होती. जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यातीचा दाखला घेता येतो, आम्ही पावतीवर भागवलं.

सप्टेंबरच्या शेवटी मागच्या हंगामाच्या मालाचे भाव उतरले होते. बेंट १००, लांबी १६४, ४४९ युरोला मिळाली. बाइंडिंग १६९, बसवणावळ ४०. एकूण ६५८ युरो, ९२ च्या भावाने ६०,५३६ रुपये. इथे मी एक घोळ घातला. बाइंडिंग ऑनलाइन मीच निवडलं होतं आणि त्याचा ब्रेक ९० मिलिमीटरचा होता. ब्रेक म्हणजे बूट सुटल्यावर बर्फात रुतून स्की थांबवणारे दोन पाय. ते कंबरेच्या दोन्ही बाजूंनी खाली यायला हवेत, म्हणजे १०० च्या स्कीला ब्रेक निदान १०० चा हवा, पण फार रुंदही नको. दुकानातल्या माणसाने बघताक्षणी मान हलवली. बदलून यायला चार दिवस गेले आणि भावोजींना शहराच्या दुसऱ्या टोकाला दोनदा जावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "पेढे कमी पडले."

तिथे एक फॉर्म भरून घेतात: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता त्याचा प्रकार, एक ते तीन. त्यावरून बूट किती जोर पडल्यावर सुटेल तो आकडा निघतो. या फॉर्मवर खोटं बोलू नका. वजन कमी सांगितलं तर बूट नको तिथे सुटतो, स्वतःला शूर लिहिलं तर हवा तिथे सुटत नाही आणि गुडघा जातो. माझा आकडा इथे मुद्दाम देत नाही, कुणीतरी तोच लावून बसेल.

आता कागदपत्रं. भावोजी भारतात राहणारे, म्हणून जर्मनीचा १९ टक्के कर काही अंशी परत मिळू शकत होता. दुकानातून पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा. विमानतळावर आधी चेक-इनला जाऊन बॅगेला टॅग लावून घ्यायचा, पण बॅग सोडायची नाही. ती घेऊन कस्टमच्या खिडकीवर माल दाखवायचा आणि शिक्का घ्यायचा. बॅग आधी सोडली की शिक्का विसरा. सात आठवड्यांनी फी कापून ७४ युरो कार्डावर आले. तिथे नोकरीला असलेल्या नातेवाइकाला हे मिळत नाही, त्यामुळे कुणाकडून मागवताय ते बघा.

मुंबईत उतरल्यावर भावोजी नेहमीच्या पट्ट्यापाशी पाऊण तास उभे होते. स्कीची बॅग तिथे येतच नाही, लांब सामानाचा दरवाजा वेगळा असतो. मग रेड चॅनेल, म्हणजे कर भरायचा माल आहे हे सांगणाऱ्यांची रांग. तेव्हाच्या नियमाने परदेशातून येणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त होत्या, वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. बिल ६०,५३६ चं, म्हणजे १०,५३६ वर ४,०५६ रुपये भरले. अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली, बिल बघितलं, कार्डाने पैसे, पावती. वीस मिनिटांचं काम. ग्रीन चॅनेलमधून निघून जा असं सांगणारे दोघं-तिघं भेटले होते. भावोजींना ते जमलं नसतं आणि मलाही झोप लागली नसती. ताई मात्र अजून ऐकवते, "माझ्या नवऱ्याची सगळी सूट तुझ्या फळ्यांना गेली, मला साधं एक पर्फ्युम नाही."

दिवाळीत स्की घरी आली. आप्पांनी हातात घेऊन पहिल्यांदा तिला पिळायचा प्रयत्न केला. मग टोकावर तळवा ठेवून वाकवली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. "मधी ताठ आहे, टोकाला सोडलीय," एवढंच म्हणाले. दुकानदाराने दोन पानं भरून जे लिहिलं होतं ते हेच.

स्की नीट घसरावी म्हणून तळाला मेण लावतात. सोलापुरात ते लावून देणारं कुणी नाही, मीच शिकले. मेण भावोजींनी आणलं होतं. इस्त्री साधी हवी, वाफेची भोकं नसलेली. आमच्या घरातली जुनी त्या कामाला लावली. मेणाचा धूर यायला लागला की इस्त्री जास्त तापलीय. ती एका जागी क्षणभरही थांबवायची नाही, नाहीतर तळ जळतो. खरवडायला अॅक्रेलिकची पट्टी लागते. ती बोर्ड रंगवणाऱ्याच्या दुकानातून ४० रुपयांत कापून आणली.

खरी परीक्षा रजेची. २०२५ च्या हिवाळ्यातही गुलमर्गला बर्फ उशिरा आला. खेलो इंडियाचे हिवाळी खेळसुद्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलले. माझं फेब्रुवारीचं बुकिंग मी पुढे नेलं ते १ ते ८ मार्चवर. सीएंच्या ऑफिसात मार्चमध्ये रजा मागणं काय असतं ते त्या धंद्यातल्यांनाच कळेल. सर फक्त म्हणाले, "लॅपटॉप ने." नेला, आणि रोज रात्री हॉटेलच्या खोलीत रजईत बसून टॅलीच्या नोंदी केल्या.

पहाटे स्टेशनला जाताना स्कीची बॅग रिक्षात आडवी बसेना, दोन्ही बाजूंनी बाहेर. रिक्षावाल्याने वळून बघितलं. "काय बे हे, आठवा नंदीध्वज का?" (गड्ड्याच्या मिरवणुकीत असे उंच नंदीध्वज सात असतात.) पुण्यापर्यंत ट्रेन, पुढे दिल्लीमार्गे श्रीनगर विमान. बॅग आणि बूट मिळून १३ किलो झाले, १५ किलोंच्या हद्दीत. तरी लांब सामान म्हणून १,५०० रुपये वेगळे घेतले. बूट मात्र शक्य असेल तर हातातल्या बॅगेत ठेवा. स्की हरवली तर भाड्याने मिळते, मापाचा बूट मिळत नाही.

पहिला दिवस वाईट गेला. नव्या स्कीच्या कडा टोकांपर्यंत धारदार असतात. उलटं जायला वळले की टोकाची कड बर्फात अडकायची. चारदा पडले. मन इतकं खट्टू झालं की वाटलं, ६० हजार पाण्यात. संध्याकाळी चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी स्की उलटी केली, टोकाची आणि शेपटीची साधारण वीतभर कड रबरी दगडाने बोथट केली आणि मधली तशीच ठेवली. पाच मिनिटं, शंभर रुपये. दुसऱ्या दिवशी स्की वेगळीच होती.

तिसऱ्या दिवशी कोंगडोरीवरून खाली येताना कडेला एक टेकाड दिसलं, गुडघ्याएवढं. त्यावरून गेले, जेमतेम हवेत उठले असेन, उतरताना अर्धी वळले आणि उलटीच पुढे गेले, दहा-बारा मीटर. कुणी बघितलं नाही. त्याच दुपारी तसंच करताना जोरात आपटले, डावा बूट सुटला, स्की दोन मीटरवर ब्रेक रुतवून थांबली. गुडघ्याला काही नाही. त्या फॉर्मवर खरं लिहिल्याचं समाधान तेव्हा वाटलं.

तक्रार आहेच. सातपैकी तीन दिवस सकाळी बर्फ काचेसारखा होता आणि त्यावर १०० ची कंबर मला जड गेली. दुपारी गुडघे बोलायला लागायचे. पुन्हा निवडायची झाली तर मी ९४ ते ९६ मध्ये बघेन. उलट दोन दिवस ताजा बर्फ पडला तेव्हा हीच रुंदी देवासारखी धावून आली.

पैशांचा हिशेब मांडते: स्की, बाइंडिंग, बसवणावळ ६०,५३६, कस्टम ४,०५६, परत आलेला कर साधारण ६,८०० वजा, बूट २४,०००, बॅग ३,५००. झाले ८५ हजारांच्या थोडे वर. भाड्याने रोज १,२०० धरले तर १२ दिवसांचे १४,४०० होतात. म्हणजे सहा हंगाम गेल्यावर माझी बरोबरी होईल, तीही दरवर्षी बर्फ पडला तर. पैसे वाचवायला म्हणून कुणी स्की घेऊ नका. नुसते बूट घेऊन स्की भाड्याने घेतली तरी निम्मं काम होतं, आणि पंढरपूरच्या त्या मुलीला मी यंदा तेवढंच करायला सांगितलंय.

परत आल्यावर स्की पुसून वाळवली, कडांना गंज लागू नये म्हणून त्यांच्यावरही मेण चढवलं आणि तळावर जाड थर देऊन तसाच ठेवला, न खरवडता. उन्हाळ्यात ठेवायची रीत तीच आहे. पत्र्याच्या खोलीत किंवा गॅलरीत ठेवायची नाही, म्हणून आई-आप्पांच्या खाटेखाली जुन्या चादरीत गुंडाळली. काल दुपारी लाईट गेली होती. आप्पा खाली वाकले, चादर बाजूला करून मेणावर अंगठा दाबला आणि उमटलेला ठसा भिंगातून बघितला.

"मऊ पडलंय," म्हणाले. "माठाजवळ सरकव."